अकरा जणांची एक दुपार

यंत्रमागाच्या शेडमध्ये नवखा माणूस शिरला की पहिली काही मिनिटं त्याचे कान त्याचे राहत नाहीत. धोट्याचा दणका, पत्र्यावर आदळून परत येणारा खडखडाट, हवेत तरंगणारी रुई आणि मागांच्या दोन रांगांमधली जेमतेम एक माणूस मावेल एवढी वाट. भिवंडीत आयुष्य गेलं तरी मी आजही शेडच्या दारात क्षणभर थांबतो. त्या वाटेत उभा असलेला कारागीर मात्र निवांत दिसतो. त्याच्या अंगावर सहा माग असतात, कुठे आठ. समोरच्या मागाची कांडी तो बदलत असतो आणि त्याच्या पाठीमागे, चार हातांवर, दुसऱ्या एका मागाचा बाणा तुटून माग थांबतो. तो मान वळवत नाही. हातातली कांडी धोट्यात बसवतो, माग सुरू करतो आणि मग सरळ त्या बंद मागापाशी जातो. एकाला मी विचारलं होतं, एवढ्या गोंगाटात कळतं कसं? तो म्हणाला, गोंगाटातला एक ठोका कमी झाला की कानाला टोचतं.

फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळणाऱ्या जाणकार खेळाडूचं काम हेच असतं. चेंडू पायाशी येण्याआधी त्याने दोनदा खांद्यावरून मागे पाहिलेलं असतं. आपला बॅक कुठवर आलाय, समोरच्यांपैकी कोण दमलाय, मोकळी जागा कुठे पडलीय, हे त्याच्या डोक्यात आधीच मांडलेलं असतं. गोल करणारा वेगळा, गोल अडवणारा वेगळा. मधला माणूस ताण्यात बाणा घालत राहतो. त्याचं नाव गुणफलकावर क्वचित येतं, पण तो नसला की संघाचं कापड उसवतं.

हे साम्य सुचलं तेव्हा मला ते नुसतं शोभेचं वाटलं होतं. नंतर स्लिवेन नावाच्या शहराबद्दल वाचलं आणि एक प्रश्न पाठी लागला. कापड विणणाऱ्या गावांनी जगाला एवढे फुटबॉलपटू दिले, मग माझ्या गावाने का नाही?

स्लिवेन हे बल्गेरियातलं, बाल्कन डोंगररांगेच्या पायथ्याचं शहर. दोब्री झेल्याझकोव्ह नावाच्या माणसाने १८३० च्या दशकात तिथे लोकरी कापडाचा कारखाना उभारला. बल्गेरिया तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होता आणि ते कापड सुलतानाच्या सैन्यासाठी जायचं. बल्गेरियातला पहिला कापड कारखाना म्हणून त्याचं नाव आजही घेतात. पुढे दीडशे वर्षं स्लिवेनची ओळख कापडाचीच राहिली. याच शहराच्या क्लबातून १९८४ साली सतरा वर्षांचा एक मुलगा खेळू लागला. योर्दान लेचकोव्ह.

१० जुलै १९९४. अमेरिकेत, न्यू जर्सीच्या जायंट्स स्टेडियमवर विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना. एका बाजूला जर्मनी, आदल्या विश्वचषकाचा विजेता. दुसऱ्या बाजूला बल्गेरिया, ज्याने त्याआधी पाच विश्वचषक खेळून एकही सामना जिंकला नव्हता. याच स्पर्धेत त्यांनी ग्रीसला हरवून ते खातं उघडलं होतं, मग अर्जेंटिनाला हरवलं, मेक्सिकोला पेनल्टींवर बाहेर काढलं. मेक्सिकोविरुद्धची शेवटची निर्णायक पेनल्टी लेचकोव्हनेच मारली होती. जर्मनीने मॅथॉयसच्या पेनल्टीवर आघाडी घेतली. ७५ व्या मिनिटाला स्टॉइचकोव्हने फ्री किकवर बरोबरी केली. तीन मिनिटांनी उजवीकडून यांकोव्हचा क्रॉस आला आणि मैदानाच्या मधून एक टक्कल असलेला माणूस पुढे झेपावला. त्याच्यापाशी जर्मनीचा ठेंगणा हेस्लर होता, त्याला काही करता आलं नाही. डोक्याचा फटका, चेंडू जाळ्यात, जर्मनी घरी. लेचकोव्हला आदल्याच दिवशी सत्ताविसावं वर्ष पूर्ण झालं होतं, आणि तेव्हा तो जर्मनीतल्याच हॅम्बुर्गच्या क्लबाकडून खेळत होता.

हा गोल मी किती वेळा पाहिला असेल, त्याला गणती नाही. गोलापेक्षा मी त्याआधीची धाव पाहतो. जर्मन बचावाचं लक्ष पुढे उभ्या असलेल्या खेळाडूंवर असतं. लेचकोव्ह मागून येतो, कारण ती जागा रिकामी होणार हे त्याने आधीच ओळखलेलं असतं. एवढ्या गोंगाटातला कमी झालेला ठोका त्याने ऐकलेला असतो.

त्या स्पर्धेची कीर्ती स्टॉइचकोव्हच्या वाट्याला गेली. सहा गोल, वर्षअखेर युरोपातला सर्वोत्तम खेळाडू हा मान. ते रास्तच होतं. पण कारकीर्द कशी घडते हे समजून घ्यायचं असेल तर मला लेचकोव्ह अधिक उपयोगी वाटतो. त्याचा आलेख सरळ नाही. हॅम्बुर्गनंतर तो मार्सेलला गेला, तिथून इस्तंबूलच्या बेशिक्ताशकडे. तिथे बिनसलं आणि ऐन भरात असताना मोठ्या मैदानांपासून तो तुटला. पस्तिशीच्या सुमारास परत बूट चढवले ते सोफियाच्या सीएसकेएसाठी आणि शेवटी पुन्हा स्लिवेनसाठी. २००३ साली स्लिवेनचा महापौर झाला आणि २०११ पर्यंत त्या पदावर राहिला. त्याच्या कारभाराचा हिशेब स्लिवेनकरांनी मांडावा. माझं लक्ष १९८४ ते १९९१ या सात वर्षांवर आहे, जी त्याने आपल्या गावच्या क्लबात काढली. सतराव्या वर्षापासून चोविसाव्या वर्षापर्यंत तीच जर्सी, तेच मैदान आणि बरीचशी तीच माणसं. १९९० साली या गावच्या संघाने बल्गेरियन कप जिंकला. विश्वचषकातली ती धाव या सात वर्षांत विणली गेली, असं माझं ठाम मत आहे.

कारण मधल्या फळीचा खेळाडू एकट्याने घडत नाही. पुढे खेळणारा मुलगा गल्लीत, भिंतीवर चेंडू मारून, एकट्याने बरंच काही शिकू शकतो. चेंडू पायाला चिकटवून ठेवायची कला अंगणातही येते. गोलकीपरला एक मित्र आणि एक भिंत पुरते. पण कुणाला केव्हा पास द्यायचा, कोण कुठे पळणार, आपण कुठे सरकलो की दुसऱ्याला जागा मिळेल, हे शिकायला आणखी दहा जण लागतात. तेही तेच दहा जण, पुन्हा पुन्हा, एकाच वेळी मोकळे. म्हणून एखाद्या गावातून मधल्या फळीचे खेळाडू निघतात की नाही, यावरून मला त्या गावात लोकांना एकत्र मोकळा वेळ मिळतो की नाही, ते कळतं. एकेकट्याच्या मोकळ्या वेळेने हे काम होत नाही.

इंग्लंडच्या लँकेशायरची गोष्ट याच बाजूने वाचायला हवी. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांमधल्या बायका आणि किशोरवयीन कामगारांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं. ते थांबले की बाकीच्यांनी गिरणी चालवायची कशी? म्हणून हळूहळू अख्ख्या गावाची शनिवारची दुपार मोकळी झाली. एका गावातले हजारो लोक एकाच ठोक्याला बाहेर पडू लागले. तीस-पस्तीस वर्षांनी, १८८३ साली, ब्लॅकबर्न ऑलिंपिक या गिरणीगावच्या संघाने लंडनच्या ओव्हल मैदानावर एफए कपच्या अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्सना २-१ असं हरवलं. समोर इंग्लंडच्या सर्वांत नामांकित शाळेतून शिकलेले सधन लोक, इकडे विणकर, सूतकाम करणारे, ओतकामातले कामगार. विजयी गोल करणारा जिमी कॉस्टली सूतगिरणीत कामाला होता. त्या संघाला आकार देणारा जॅक हंटर मधल्या फळीत खेळायचा, आणि चेंडू एकमेकांकडे देत लांब फिरवत न्यायची पद्धत हे त्यांच्या यशाचं कारण मानलं जातं. तोवर उच्चभ्रू संघ चेंडू पायाशी घेऊन एकेकट्याने धावायचे. विणकरांनी खेळात विणकाम आणलं, असं मी म्हटलं तर ते अलंकारिक वाटेल, पण रोज एकत्र तासन्‌तास उभं राहणाऱ्यांना एकमेकांच्या हालचाली ठाऊक असतात यात अलंकार काही नाही. १८८८ साली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा बारा संघांपैकी सहा लँकेशायरचे होते.

आपल्याकडेही ही दुपार मागितली गेली होती, आणि मागणारा माणूस आपल्याच ठाण्याचा होता. नारायण मेघाजी लोखंडे. जोतिराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ पासून ते मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागत होते. एप्रिल १८९० मध्ये त्यांनी बोलावलेल्या सभेला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले आणि दोन कामगार बायका त्यात बोलायला उभ्या राहिल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. शाळेच्या पुस्तकात ही घटना एका ओळीत येते आणि मुलं ती पाठ करून विसरतात. मला वाटतं, मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासातली ती सर्वांत मोठी घटना असावी. एक दिवस विश्रांती मिळाली एवढंच त्याचं मोल नाही. लालबाग-परळपासून भायखळ्यापर्यंतची सगळी माणसं एकाच दिवशी मोकळी झाली. त्या सामायिक रविवारी कबड्डीचे संघ उभे राहिले, भजनी मंडळं बसली, नाटकांच्या तालमी झाल्या, व्यायामशाळा भरल्या. यातलं एकही काम एकट्याचं नाही.

फुटबॉल मुंबईत आला तो गोऱ्या पलटणींबरोबर. रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला. पुढे मात्र हा खेळ कंपन्यांच्या आधाराने वाढला. रेल्वे, टाटा, कॅल्टेक्स, महिंद्र, एअर इंडिया, आणि कापडवाले मफतलाल आणि ऑर्के मिल्स. हारवुड लीगचे सामने, कूपरेजचं मैदान. खेळाडूला कंपनीत नोकरी लागायची, अर्धा दिवस काम आणि दुपारी सराव. ही व्यवस्था गरिबीची होती आणि तिच्यातून युरोपात कोणी गेलं नाही, हे खरं. पण तिने मुलांना अकरा जणांची दुपार दिली, आणि घरच्यांना सांगायला एक उत्तर दिलं: पोरगा खेळतोय, पण नोकरीत आहे.

भारताचा सध्याचा मुख्य प्रशिक्षक खालिद जमील याच व्यवस्थेतून आलेला, मधल्या फळीचा खेळाडू. १९७७ साली कुवेतमध्ये जन्मला, आखाती युद्धाच्या वेळी कुटुंबाबरोबर मुंबईला आला. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, पुन्हा महिंद्र, शेवटी मुंबई एफसी. दुखापतींनी त्याच्या कारकिर्दीची बरीच वर्षं खाल्ली. तो युरोपीय मैदानांवर गेला नाही, त्याचे गोल कुणाला आठवत नाहीत. पण मधल्या फळीत राहून सगळ्यांवर नजर ठेवायची सवय त्याच्या कामी आली. २०१७ मध्ये त्याने मिझोरमच्या ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. अनेक वर्षांनी हे पद भारतीय माणसाकडे आलं. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि त्याच वेळी काळजीही. कारण ज्या शिडीवरून तो चढला, ती काढून घेतली गेली आहे. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसी २०१७ पर्यंत कशीबशी टिकली. पंजाबात फगवाड्याच्या जेसीटी या कापड गिरणीच्या संघाने १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली होती. तो संघ २०११ मध्ये गुंडाळला गेला. देशातली पहिली राष्ट्रीय लीग एका कापड गिरणीने जिंकली होती, हे आज भिवंडीत दहा जणांना विचारा, एकालाही ठाऊक नसेल.

आता भिवंडीकडे येतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. संपाच्या आधीपासूनच गिरण्यांचं विणकाम बाहेर, म्हणजे आमच्याकडे, जाऊ लागलं होतं. संपानंतर तो ओघ मोठा झाला. गिरण्यांचे भोंगे थांबले आणि भिवंडीच्या गल्लीबोळांत माग वाढत गेले. तेव्हा इथल्या लोकांना वाटलं, मुंबईचं भाग्य आपल्या दारी आलं. काम आलं, पैसा आला, उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून कारागीर आले. पण गिरणीचे माग आले, गिरणीचा रविवार आला नाही. लोखंड्यांनी सहा वर्षं झगडून जे मिळवलं होतं, ते खाडीच्या पलीकडेच राहिलं.

ते का राहिलं, हे कामाच्या घडणीत आहे. गिरणीत एका छपराखाली हजारो माणसं असत आणि एकच भोंगा. इथे एका शेडमध्ये वीस-पंचवीस माग, त्यावर चार-पाच कारागीर, दोन पाळ्या, बारा-बारा तासांच्या. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेसाठी दहा कामगारांची अट होती. छोट्या छोट्या शेड त्या अटीच्या अलीकडेच राहत आल्या. मजुरी मीटरवर. आठवड्यातून एखादी पाळी माग थांबतात, नाही असं नाही, पण माग थांबला की मजुरीही थांबते, म्हणून कारागीर ती पाळी झोपेला देतो किंवा दुसरीकडे हात मारतो. एका गल्लीतल्या दोन शेडची पाळी एका वेळी सुटेल याची खात्री नाही. जो दिवसपाळीला आहे तो काही दिवसांनी रातपाळीला जातो. पेरणीला, सुगीला, सणाला माणसं मुलुखाला जातात आणि महिना-दोन महिने येत नाहीत. परत आल्यावर त्याच शेडमध्ये लागतील असंही नाही. बिस्सीत, म्हणजे कारागिरांच्या खानावळीत, एका ताटावर जेवणारी माणसंसुद्धा दर दोन-चार महिन्यांनी बदलतात. यातून दहा जणांची ओळख पिकायची कशी? तेच दहा जण, पुन्हा पुन्हा, एकाच वेळी मोकळे, ही मधल्या फळीची पहिली गरज, आणि भिवंडीच्या धंद्याची घडीच अशी बसली आहे की नेमकं तेवढं घडू नये.

यावर लोक मला सांगतात, साहेब, हा क्रिकेटचा मुलूख आहे, फुटबॉलला इथे कोण विचारतो? मी हे उत्तर बरीच वर्षं मान्य केलं होतं. आता करत नाही. आमच्या तालुक्यातल्या आगरी गावांमध्ये टेनिस चेंडूचं क्रिकेट रंगतं, तरणी पोरं जीव लावून खेळतात. पण जरा नीट पाहा. टेनिस चेंडूचं क्रिकेट तुकड्यातुकड्यांच्या वेळेत बसतं. एक जण उशिरा आला तर तो खाली फलंदाजीला जातो. दोघं निघून गेले तरी सामना चालतो. तिथे फलंदाज आणि गोलंदाज यांची झुंज असते आणि बाकीचे तेवढा वेळ वाट पाहू शकतात. म्हणून मला वाटतं, क्रिकेट इथे रुजलं त्यात आवडीइतकाच तुटक वेळेचाही हात आहे. फुटबॉलला अशी तुटक वेळ चालत नाही. त्यात मधला माणूस एकदा गेला की उरलेले दोन टोकांना दोन वेगळे खेळ खेळू लागतात.

दुसरा आक्षेप मला अधिक दुखतो, कारण तो चांगल्या मनाच्या लोकांकडून येतो. गुण असेल तर वाट सापडतेच, असं ते म्हणतात. पुरावाही देतात. आमच्याच जिल्ह्यातल्या अंबरनाथचा फारुख चौधरी भारताकडून खेळला, २०२१ मध्ये नेपाळविरुद्ध त्याने गोल केला. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात होता. दोघांबद्दल मला आदर आहे. पण अनिकेतला वाट सापडली, ती कुणीतरी आधी तयार केलेली होती म्हणून. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ पिढ्यान्‌पिढ्या खेळतात. शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्याला हजारोंची गर्दी होते, पेठेपेठेत कट्ट्यावर त्याच सामन्याची चर्चा चालते. तिथल्या मुलाला दहा सोबती जन्मापासून मिळतात. पुढे सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीने त्याला पुण्याला नेलं, तिथे त्याची रोजची दुपार सरकारने राखली. आणखी एक गोष्ट, हे दोघेही पुढच्या फळीचे. टोकाला खेळणारा, वेगाने धावणारा मुलगा निवड चाचणीत दोन मिनिटांत नजरेत भरतो. मधल्या फळीचा मुलगा भरत नाही. तो शहाणा आहे हे कळायला त्याला त्याच्या दहा जणांबरोबर पाहावं लागतं, आणि ते दहा जणच नसतील तर निवड समितीने कितीही डोळे ताणले तरी काय दिसणार?

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी काल्हेरच्या बाजूला गेलो होतो. त्या पट्ट्यात पूर्वी भातशेती होती. सुगी झाली, खाचरं मोकळी झाली की डिसेंबर ते मे पोरांना फुकट मैदानं मिळायची, मीही त्यांवर खेळलोय. आता तिथे गोदामं आहेत. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोलीपर्यंत, मुंबईकरांनी मोबाइलवर मागवलेलं निम्मं सामान इथूनच निघत असावं. दोन गोदामांच्या मधल्या डांबरी पट्ट्यावर, उभ्या कंटेनरांच्या आडोशाला, काही मुलं फुटबॉल खेळत होती. मालाच्या दोन लाकडी पॅलेट म्हणजे गोलपोस्ट. एक जण माझ्या नजरेत राहिला. पंधरा-सोळा वर्षांचा, अंगाने बारीक. तो पळत फारसा नव्हता. चेंडू यायच्या आधी मान डावीकडे, मान उजवीकडे, मग एका स्पर्शात पास. तीन-चार वेळा त्याने असा पास दिला जिथे त्या क्षणी कोणी नव्हतं, आणि कोणी पोहोचलंही नाही, कारण बाकीच्यांना तो काय पाहतोय हे दिसतच नव्हतं. कुणीतरी त्याला शिवीही घातली. मला तिथे उभ्या उभ्या भरून आलं. त्याचा पास चुकलेला नव्हता. तिथे धावून जाणारा सोबती त्याला अजून मिळालेला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं स्टेडियमपासून सुरू होत नाही. भिवंडीत धोबी तलावाला परशराम टावरे स्टेडियम आहे. मैदान असावं, नीट राखलेलं असावं, यात दुमत कसलं? पण रिकाम्या वेळेशिवाय मैदान म्हणजे भिंतींच्या आतली माती. आधी वेळ मागायला हवी, आणि ती सगळ्यांची एकाच वेळची. एका गल्लीतल्या, एका वॉर्डातल्या यंत्रमाग मालकांनी मिळून आठवड्यातली एक दुपार ठरवावी, माग एकदम थांबवावेत, आणि त्या तीन तासांची मजुरी कापू नये. मालकांचं म्हणणं मला ठाऊक आहे. सुताचे भाव, विजेचं बिल, बाहेरून येणारं कापड, मंदी. त्यांचं गाऱ्हाणं खोटं नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी लहान मालकांनी माग भंगारात काढले आहेत. पण १८५० मध्ये लँकेशायरच्या मालकांचं आणि १८९० मध्ये मुंबईच्या मालकांचंही म्हणणं हेच होतं, आणि त्या सुट्टीने दोन्हीकडचा धंदा बुडाला नाही. ते तीन तास मालकाला एकट्याने झेपत नसतील तर भार वाटून घ्यावा. गोदामांचा मोठा धंदा इथे आहे, आणि ज्यांचा माल तिथे पडून असतो त्यांतल्या मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यावे लागतात. त्या यादीत खेळाचं प्रशिक्षण बसतं. महापालिकेने वॉर्डावॉर्डांची साधी लीग लावावी, ज्यात पाळी सांभाळून तारखा ठरतील आणि एका संघाचे खेळाडू निदान दोन हंगाम त्याच संघात राहतील. मला दिवे लावलेला एक मोठा सामना नको. मला डिसेंबर ते मे, दर आठवड्याला, तेच अकरा जण हवेत.

मुलींचं काय, हा प्रश्न मला माझ्या पुतणीने विचारला आणि मी गप्प झालो. लोखंड्यांच्या सभेत दोन बायका उठून बोलल्या होत्या. भिवंडीत आज मुलीला मैदानावर यायची एक वेळ ठरवून मिळत नाही, मग अकरा जणींची कुठून आणायची? ज्या दुपारची मागणी मी करतो आहे तिच्यातला अर्धा वेळ त्यांचा धरला नाही, तर ती मागणी पुरी नाही, एवढं मी तिला कबूल केलं.

त्या दिवशी काल्हेरला मी शेवटपर्यंत थांबलो. सातला थोडा अवकाश होता. एका मुलाच्या खिशातला मोबाइल वाजला, त्याने खेळता खेळताच तो कानाला लावला, “आया, आया” म्हणाला आणि पॅलेटवर टाकलेला शर्ट घेऊन निघाला. त्याच्यामागे आणखी दोघे गेले, त्यांची रातपाळी होती. उरलेल्यांनी दोन्ही बाजूंची माणसं मोजली, पॅलेट जवळ ओढल्या आणि खेळ पुन्हा सुरू केला. तो बारीक मुलगा आता गोलात उभा होता, कारण मधे खेळायला माणसंच पुरत नव्हती. कंटेनरचा दिवा त्याच्या तोंडावर पडत होता. चेंडू दुसऱ्या टोकाला होता तरी त्याची मान डावीकडे, उजवीकडे फिरतच होती.